‘क्रेपस्क्युलर’ : एका विशेषणाच्या अर्थच्छटा

इंग्रजी ललित गद्य किंवा समीक्षा वाचीत असता ‘क्रेपस्क्युलर’ हे विशेषण मधूनच आडवे येते. कोश उघडला तर ‘संधिप्रकाशाचा, अंधुक’ असा अर्थ हाती लागतो आणि विद्यार्थी समाधानाने पुढे जातो. तो पुढे जातो खरा, पण शब्द मागेच राहतो, असे आम्हांस वाटते. कोशातील अर्थ चुकीचा नाही. तो अपुरा आहे. समीक्षेत अपुरा अर्थ हा पुष्कळदा चुकीच्या अर्थाहून अधिक फसवा ठरतो. कारण चूक कोणीतरी दाखवून देतो, अपुरेपणा मात्र खपून जातो.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. लॅटिनमध्ये ‘क्रेपुस्कुलुम्’ म्हणजे संधिप्रकाश. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेलेल्या व्हारो या पंडिताने हा शब्द ‘क्रेपेर’ या विशेषणाशी जोडला असून, संशयास्पद गोष्टींनाही ‘क्रेपेर’ म्हणत, असे नमूद केले आहे. दिवस म्हणावा की रात्र म्हणावी, याचा निश्चय होत नाही ती ही वेळ होय. अंधुकपणा हा डोळ्यांचा अनुभव आहे, तर अनिश्चय हा बुद्धीचा. ‘अंधुक’ या प्रतिशब्दाने पहिला अनुभव मराठीत येतो, दुसरा निसटतो.

दुसरा विचार शब्दाच्या कुळाचा. इंग्रजीत संधिप्रकाशाला ‘ट्वायलाइट’ हा घरचा, तोंडातला शब्द आहे. येट्स यांनी आयर्लंडमधील लोककथांवरील आपल्या पुस्तकास १८९३ साली ‘द केल्टिक ट्वायलाइट’ हे नाव दिले. तेथे लॅटिन कुळातला शब्द योजला असता, तर त्या कथांभोवतीचा चुलीचा धूर नाहीसा झाला असता. नाम देशी आणि विशेषण पंडिती, ही इंग्रजीची जुनी रीत आहे. ‘मून’ या नामाचे विशेषण ‘लूनर’ होते, तसेच हे. मराठीस ही रीत परकी नाही. आपणही ‘दात’ म्हणतो, पण वर्णाला ‘दंत्य’ म्हणतो; ‘गाव’ म्हणतो, पण साहित्याला ‘ग्रामीण’ म्हणतो. तेव्हा ‘क्रेपस्क्युलर’ हा शब्द बोलण्यातला नव्हे, तर लेखणीतला आहे, हे विद्यार्थ्यास आरंभीच सांगितले पाहिजे. तो पात्राच्या तोंडी आला, तर लेखकाचा हेतू बहुधा त्या पात्राची विद्वत्ता किंवा तिचा आव दाखविण्याचा असतो.

शास्त्रांनी हा शब्द भावनेपासून सोडवून घेतला आहे. प्राणिशास्त्रात जे प्राणी पहाटे आणि सांजवेळी विशेष हालचाल करतात, त्यांना हे विशेषण लावतात. ससा हे त्याचे परिचित उदाहरण. येथे खिन्नतेचा लवलेशही नाही. शिवाय पहाट आणि सांज या दोन्ही वेळा या शास्त्रीय अर्थात सामावतात. साहित्यात मात्र पहाट मागे पडली आणि सांज तेवढी उरली. आपल्याकडेही नेमके हेच घडले आहे. ‘संध्या’ म्हणजे सांधा, दिवसरात्रीचा जोड. म्हणूनच प्रातःसंध्या आणि सायंसंध्या असे दोन विधी आहेत. परंतु ‘संध्याकाळ’ हा मराठी शब्द केवळ सायंकाळापुरता उरला. दोन भाषा एकमेकींस न विचारता एकाच वळणाने गेल्या, ही गोष्ट मननीय आहे.

समीक्षेत या शब्दास निश्चित स्थान मिळाले ते इटलीत. १९१० साली बोर्जेझे या समीक्षकाने मोरेत्ती आदी तरुण कवींच्या रचनेला ‘क्रेपुस्कोलारे’ म्हटले. महान काव्यपरंपरेचा सूर्य मावळला असून आता सौम्य, रेंगाळणारा संधिप्रकाश तेवढा उरला आहे, असा त्याचा आशय होता. त्यात गौरवापेक्षा उणेपणाच अधिक होता. पुढे गोत्सानो आणि कोरात्सीनी यांची नावेही या संप्रदायाशी जोडली गेली. जुन्या बैठकीच्या खोल्या, लहान गावांतील कंटाळवाणे रविवार, आजार, साधी व किंचित गद्यप्राय भाषा, ही या कवितेची सामग्री होय. दान्नुंत्सिओ यांच्या भरजरी शैलीकडे तिने पाठ फिरविली होती.

हे ध्यानी न घेता आपण हे विशेषण उसने घेतले, तर काय होईल? ग्रेस यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) असे आहे. ते पाहून त्यांना ‘क्रेपस्क्युलर’ म्हणण्याचा मोह कोणासही होईल. इटालियन संप्रदायाच्या अर्थाने हे वर्णन आम्हांस साफ अमान्य आहे. ग्रेस यांची कविता प्रतिमांनी दाटलेली आहे. साधेपणा हा तिचा धर्म नव्हे. मात्र व्हारोने सांगितलेला मूळ अर्थ घेतला, म्हणजे जेथे अर्थ निश्चयाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो ती अवस्था मानली, तर तेच विशेषण त्यांना यथार्थ शोभते. एकच शब्द एका अर्थाने अन्याय करतो आणि दुसऱ्या अर्थाने न्याय. विशेषण लावणे म्हणजे निर्णय देणे होय; तो कोणत्या कलमाखाली दिला, हे समीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

उरला प्रश्न मराठी प्रतिशब्दाचा. येथे आपली श्रीमंतीच अडचण होऊन बसते. कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, गोरज हे शब्द जवळपास एकाच वेळेचे आहेत, पण एकाच मनाचे नाहीत. कातरवेळी जीव हुरहुरतो. तिन्हीसांजेला केर काढू नये, निजू नये, असा घरचा दंडक असतो. दिवेलागणीला देवापुढे हात जुळतात. गोरज मुहूर्तावर तर लग्ने लागतात. इंग्रजी विशेषणात शेवटच्या दोन्ही छटा मुळीच नाहीत. त्या प्रकाशाला ऱ्हासाची कड आहे, मांगल्याची नाही. म्हणून प्राणिशास्त्रात ‘संध्याचर’, निसर्गवर्णनात ‘सांध्य’, मनःस्थितीच्या वर्णनात ‘कातर’ आणि अर्थाच्या अनिश्चिततेसाठी ‘संदिग्ध’ असे प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द योजावेत, असे आम्ही सुचवितो.

दोन किंवा तीन भाषांच्या सीमेवर शिकविणाऱ्या आपणां शिक्षकांस ‘या शब्दाला मराठीत काय म्हणतात?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. त्यावर एक शब्द सांगून मोकळे होणे सोपे असते. ‘कोणत्या वाक्यात?’ असा उलट प्रश्न विद्यार्थ्यास विचारणे अधिक कष्टाचे आहे. परंतु भाषेचे अध्यापन खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते.