‘अस्थिर’ : एका विशेषणाची झडती

मराठी समीक्षेत ‘अस्थिर’ हे विशेषण फार सहज वापरले जाते. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवर लिहिताना तर ‘अस्थिर जीवनाचे चित्रण’ हा शब्दप्रयोग जणू ठरलेलाच. हा शब्द वर्णन करतो की निवाडा देतो, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

हालचालीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पंचांगातल्या राशी चर, स्थिर आणि द्विस्वभाव. स्थिरासमोर तेथे चर येते, अस्थिर नव्हे. मालमत्ता स्थावर आणि जंगम. ‘चर’ किंवा ‘जंगम’ या शब्दांना कमीपणा चिकटलेला नाही. ‘चंचल’मध्ये तक्रारीचा सूर आहे, पण लक्ष्मीलाही आपण चंचलाच म्हणतो आणि तिच्या पूजनासाठी स्थिर लग्न शोधतो. ‘डळमळीत’ म्हटले की नजर पायाकडे जाते : टेबलाचा पाय आखूड, सरकारचे बहुमत काठावरचे. तेथे कारण शोधता येते. ‘अस्थिर’ मात्र ‘स्थिर’च्या नकारातून घडतो. स्थिर असणे हाच नियम, हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते.

मी राहतो त्या गावाला कन्हान नदीचेच नाव आहे. ही नदी सातपुड्यातून येते, पेंचला पोटात घेते आणि पुढे वैनगंगेला मिळते. तिला कोणी अस्थिर म्हणत नाही. वाहणे हे तिचे कामच. तिच्यावरचा पूल हलू लागला तर मात्र आपण तो शब्द वापरू. हलण्याची मुभा कोणाला, हे मनाशी ठरवूनच आपण विशेषण निवडतो.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव जाणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कथा. त्या फिरण्यामागे कामाचा हिशेब आहे. तो ‘चर’ संसार आहे. मानेंनी शीर्षकासाठी निवडलेला शब्दही पाहावा. ‘उपरा’ हा माणसाचा अंगभूत गुण नाही, ते नाते आहे. कोणाला तरी उपरा म्हणणारे गाव त्या शब्दात हजर असते. ‘अस्थिर’ म्हणताच ते गाव नाहीसे होते आणि दोष फिरणाऱ्याच्या स्वभावात जाऊन बसतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरणाऱ्या अनेक जमातींना जन्माने संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र टिकून राहिला.

आता आमच्या जिल्ह्यातले उदाहरण. नागपूर जिल्ह्यातला कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो; मानेंच्या सातारा जिल्ह्यातला कैकाडी विमुक्त जातीत. जात एक, धंदा एक. जिल्हा बदलला की यादी बदलते. पिढ्यान्‌पिढ्या जिल्ह्यांच्या सीमा ओलांडत आलेल्या जमातीचे हक्क शासनाने जिल्ह्यांच्या सीमांना बांधले. मग येथे अस्थिर काय : माणूस की यादी?

हे विशेषण टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. राज्य, बाजार, हवामान यांना ते खुशाल लावावे. माणसांच्या जगण्याला लावण्यापूर्वी समीक्षकाने दोन गोष्टी तपासाव्यात : हा माणूस आपल्या कामासाठी निघाला होता, की त्याला कोणी उठवले? पहिल्या जगण्यासाठी ‘फिरते’ हा साधा शब्द पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी ‘अस्थिर’ अपुरा आहे. तेथे उठवणाऱ्याचे नाव लिहावे लागेल.