प्रेक्षक आणि रसिक : कलादालनातील अपंगांच्या आस्वादाचा विचार

प्रास्ताविक

'प्रेक्षक' या शब्दात 'ईक्ष्' हा पाहणे या अर्थाचा धातू आहे. 'रसिक' आणि 'सहृदय' या शब्दांत मात्र डोळ्यांची अट नाही. कलादालनात येणाऱ्या व्यक्तीसाठी मराठीत हे तिन्ही शब्द योजले जात असले तरी दालनाची रचना पहिल्या शब्दावर बेतलेली असते. ताठ उभा राहणारा, तासभर चालू शकणारा, स्पष्ट पाहणारा व ऐकणारा असा एक माणूस गृहीत धरून भिंती, प्रकाश, काचपेट्या आणि माहितीफलक यांची मांडणी केली जाते. या गृहीतात न बसणारी व्यक्ती आली की तिची 'सोय' करावी लागते. प्रस्तुत लेखात या सोयीच्या कल्पनेची चिकित्सा केली असून, दारातून आत घेणे आणि आस्वादात सहभागी करून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे प्रतिपादन केले आहे.

कायदा आणि दार

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक कायद्याचा भर शिक्षण, रोजगार आणि सार्वजनिक जागांतील अडथळे यांवर होता. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील तिसाव्या कलमाने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला. भारताने २००७ मध्ये या कराराला अनुसमर्थन दिले. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कला सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. राजीव रतुरी खटल्याच्या नोव्हेंबर २०२४ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्याचा आदेश दिला. कायद्याची ही वाटचाल स्वागतार्ह आहे. परंतु व्यवहारात सुगम्यतेचा अर्थ बहुधा रॅम्प, लिफ्ट आणि स्वच्छतागृह एवढ्यावरच थांबतो.

दारापलीकडचा प्रश्न एका साध्या मोजमापातून स्पष्ट होतो. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारणतः १४५ ते १५२ सेंटिमीटरवर ठेवण्याचा प्रघात आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीची नजर सुमारे ११० ते १३० सेंटिमीटरवर असते. परिणामी तिला चित्र खालून, मान वर करून पाहावे लागते. काचेवर दिव्याची तिरीप पडते आणि उंच पेटीत आडवी मांडलेली पोथी तर दिसतच नाही. अशी व्यक्ती दालनात पोहोचलेली असते, चित्रापर्यंत पोहोचलेली नसते. मार्गदर्शकाचे निवेदन सांकेतिक भाषेत वा लिखित रूपात उपलब्ध नसेल, तर कर्णबधिर व्यक्तीचीही हीच गत होते.

स्पर्शाची दोन प्रारूपे

दृष्टिहीनांच्या संदर्भात 'हात लावू नये' ही पाटीच दाराचे काम करते. या पाटीमागील कारण खोटे नाही. घामातील क्षार आणि त्वचेवरील तेल यांमुळे दगड, धातू व रंग यांची हानी होते. म्हणून प्रतिकृतींचा मार्ग स्वीकारला गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये 'अनुभव' हे स्पर्श-दालन सुरू केले. संग्रहातील निवडक वस्तूंच्या २२ स्पर्शयोग्य प्रतिकृती, ब्रेल फलक आणि श्राव्य निवेदन अशी त्याची योजना होती. भारतीय संग्रहालयांच्या इतिहासात हे पाऊल महत्त्वाचे आहे.

तथापि इटलीतील अँकोना येथील 'ओमेरो' स्पर्श-संग्रहालयाशी तुलना करता एक मूलभूत भेद लक्षात येतो. आल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या दृष्टिहीन दाम्पत्याच्या प्रेरणेने १९९३ मध्ये ते सुरू झाले आणि १९९९ मध्ये त्यास राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. तेथे अभिजात शिल्पांच्या प्रतिकृतींबरोबर आधुनिक शिल्पकारांच्या मूळ कृतीही आहेत आणि त्यांना स्पर्श करण्याची मुभा सर्वांनाच आहे. दिल्लीच्या प्रारूपात स्पर्श हा विशिष्ट गटासाठीचा पर्याय ठरतो. अँकोनाच्या प्रारूपात तो शिल्प जाणण्याचा एक स्वाभाविक मार्ग ठरतो. पहिल्यात अपंग व्यक्ती पाहुणी असते, दुसऱ्यात ती रसिकांच्या पंक्तीत बसते.

दृष्टी म्हणजे डोळे नव्हेत

दृष्टिहीन व्यक्तीला चित्रकलेचा आस्वाद कसा घेता येईल, हा आक्षेप येथे संभवतो. त्याला उत्तर देताना बिनोदबिहारी मुखर्जी यांचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. जन्मापासून अधू दृष्टी असलेल्या या चित्रकाराने १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवले. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णतः गेली. त्यानंतरही कागदी कोलाज, शिल्पे आणि १९७२ मधील कलाभवनाचे भित्तिचित्र अशी त्यांची निर्मिती सुरू राहिली. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. अर्थात मुखर्जींच्या ठायी पूर्वी पाहिलेल्या जगाची स्मृती होती. त्यामुळे जन्मांध व्यक्तीचा प्रश्न या उदाहरणाने पूर्णपणे सुटत नाही. परंतु आकार, अंतर आणि रचना यांचे भान केवळ डोळ्यांच्या आधीन नसते, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

मराठी सौंदर्यविचारातही या दिशेने जाणारा धागा आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन संबंध सांगितले. गुळगुळीत व खडबडीत, जड व हलके, तप्त व शीत यांच्या अनुभवातही हे संबंध जाणवू शकतात. रंगाचा अनुभव स्पर्शात उतरत नाही, हे मान्यच केले पाहिजे. तेथे वर्णनाचे साहाय्य घ्यावे लागते. परंतु वर्णनातून होणारा आस्वाद दुय्यम मानायचा, तर डोळस वाचकांचाही मोठा अनुभव बाद करावा लागेल. पिकासोचे 'गेर्निका' अध्यापकवर्गातील बहुतेकांना पाठ्यपुस्तकातील लहानशा छपाईतून आणि समीक्षकांच्या लेखनातूनच परिचित झालेले असते. मूळ कृतीपासूनचे अंतर सर्वांच्याच वाट्याला येते. ते अपंगांच्या बाबतीतच अपात्रतेचे कारण ठरवणे तर्कदुष्ट आहे.

समारोप

सुगम्यता हा बांधकाम विभागाचा विषय आहे तितकाच तो समीक्षेचाही विषय आहे. चित्र कोणत्या उंचीवर टांगावे, त्याचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे, कशाला हात लावू द्यावा, हे निर्णय कलेच्या जाणकारांनीच घ्यावयाचे असतात. महाविद्यालये यातून वगळता येत नाहीत. नॅकच्या अहवालाला रॅम्पचे छायाचित्र जोडले जाते. पण वार्षिक चित्रप्रदर्शन पहिल्या मजल्यावरील सभागृहात भरते आणि सहलीच्या यादीतून अपंग विद्यार्थ्याचे नाव त्याच्याच हिताच्या नावाखाली गळते. चित्रे थोडी खाली टांगणे, प्रत्येक दालनात बाके ठेवणे, निवडक चित्रांची वर्णने कला व भाषा विभागांनी मिळून तयार करणे, यांस मोठा निधी लागत नाही. अशी वर्णने लिहिताना डोळस विद्यार्थ्यालाही चित्र प्रथमच नीट पाहावे लागेल. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' हा शब्द शासकीय व्यवहारात रुळला आहे. त्या व्यक्तीस 'रसिक' म्हणून स्वीकारणे मात्र अद्याप शेष आहे.