पिअर्स यांच्या प्रगामी-तरंग सिद्धान्ताची मर्यादा

सर्पिल तारेवरून मंदगतीने जाणारा सूक्ष्मतरंग शेजारच्या इलेक्ट्रॉन-शलाकेची ऊर्जा घेऊन वाढतो, हे प्रगामी-तरंग नलिकेचे तत्त्व. जॉन पिअर्स यांनी १९५० च्या ग्रंथात त्याला दिलेले सूत्र विलक्षण सुटसुटीत आहे : लब्धी म्हणजे ४७.३ सी×एन उणे ९.५४ डेसिबेल. 'सी' हा लब्धिगुणक. 'एन' ही नलिकेत मावणाऱ्या तरंगलांबींची संख्या. आत आलेला तरंग तीन घटकांत समान विभागला जातो आणि त्यांतील एकच वाढतो. वजाबाकीचे मूळ हेच.

परंतु येथे इलेक्ट्रॉनांचा वेग नाममात्र बदलतो, असे गृहीत आहे. खंडाळ्याच्या घाटात ३७ स १ अशा चढावर गाडीस मागून रेटणारे इंजिन मंदावले, तर त्याचा रेटा केवळ संपतो. मंदावलेले इलेक्ट्रॉन मात्र मागे पडून तरंगाकडूनच ऊर्जा परत घेऊ लागतात. हीच संपृक्तावस्था. रेषीय सूत्र तेथेही अमर्याद वाढच दाखविते.

कार्यक्षमता 'सी'च्या प्रमाणात असावी, हा पिअर्स यांचा अंदाज मार्गदर्शक खरा. तथापि तो अंदाजच. नॉर्डसिक यांनी १९५३ मध्ये एका आवर्तनातील निवडक इलेक्ट्रॉनांचा पृथक् मागोवा घेतला, तेव्हा परस्परांस ओलांडणारे इलेक्ट्रॉन हिशेबात आले. आजच्या संगणकीय प्रतिमानांची वाटही तीच आहे.

सारांश, क्षीण संकेताच्या लब्धीसाठी पिअर्स यांचे सूत्र प्रमाण मानावे. निर्गत शक्तीसाठी त्यावर विसंबणे हा सिद्धान्ताचा नव्हे, अभ्यासकाचा दोष ठरेल.