बच्चूच्या कानांनी नाटक ऐकायचं तर

नाशिकमध्ये गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पेट्या पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. याच शहरात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं. अशा नाशिकच्या वाचकालाही स्वमग्न माणूस मराठी कथा-कादंबरीत गाठायचा म्हटलं, तर बरीच शोधाशोध करावी लागते.

आसपासचं सापडतं, तेही रंगमंचावर आणि पडद्यावर. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकातला बच्चू अतुल परचुरेंमुळे प्रेक्षकांच्या लक्षात राहिला. 'चौकट राजा' चित्रपटातला (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू तर घरोघरी पोचला. दोघेही स्वमग्न नव्हेत, बौद्धिक वाढ खुंटलेले. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. दोन्ही कलाकृती प्रामाणिक आहेत. पण त्या पाहून आपल्याला कळतात ते आईबाप आणि जवळची माणसं. त्यांची दमछाक, लाज, माया. मूल स्वतः मात्र आपल्याला बाहेरूनच दिसत राहतं.

मार्क हॅडनच्या 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) या कादंबरीने नेमकी ही बाजू उलटवली. पंधरा वर्षांचा क्रिस्टोफर स्वतःच गोष्ट सांगतो. प्रकरणांना क्रमांकही देतो ते मूळ संख्यांचे. लंडनच्या स्टेशनावर तो पोचतो तेव्हा पाट्यांवरचे शब्द पानावर एकमेकांत घुसतात, वाचणाऱ्यालाच गरगरतं. हे पान वाचलेला माणूस संध्याकाळी नाशिकच्या जेहान सर्कलला हॉर्नच्या गदारोळात कान दाबून ओरडणारं पोर पाहील, तेव्हा 'आईनं लाडावून ठेवलंय' हे वाक्य त्याच्या तोंडून सहजी निघणार नाही. एवढं काम कादंबरी करू शकते, आणि ते थोडं नाही.

त्यापलीकडचे दावे जपून करावेत. साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तर तो निष्कर्ष टिकला नाही. शिवाय क्रिस्टोफर गणितात हुशार, 'रेन मॅन' चित्रपटाचा (१९८८) रेमंड आकड्यांचा जादूगार. अशा नायकांमुळे वाचक नवा गैरसमज घेऊन उठतो, आणि पालकांना पाहुणे विचारतात, "मग याला काय विशेष येतं?"

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दुतर्फा असतं. आपल्यालाही स्वमग्न माणसांचं मन वाचता येत नाही. कादंबरीचा खरा उपयोग इथे आहे: आपलं अडाणीपण ती आपल्याच पदरात घालते.

मराठीला हे जमणार नाही असं मुळीच नाही. 'कोसला'त (१९६३) नेमाड्यांनी सगळं जग पांडुरंग सांगवीकरच्या तिरकस बोलीतूनच दाखवलं. त्याला स्वमग्न ठरवण्याचा उद्योग कुणी करू नये. पण चारचौघांच्या तालात न बसणाऱ्या मनाच्या जोरावर अख्खी कादंबरी चालते, हे 'कोसला'ने दाखवून दिलं. अडतं ते आपल्या भिडस्त करुणेपाशी. आईबापांचं दुःख बाजूला ठेवायला लेखक कचरतो. तसं केलं तर आपण निष्ठुर दिसू असं त्याला वाटतं. बच्चूच्या कानांनी 'नातीगोती'तल्या घरातलं बोलणं ऐकलं, तर त्यातले कोणते शब्द त्याच्यापर्यंत पोचतील आणि कोणते नुसते आवाज राहतील? दळवींनंतर त्या घरात पुन्हा शिरू पाहणाऱ्या नाटककाराने सुरुवात इथून करावी.