मुका कीबोर्ड : जुन्या संगणकांच्या ओढीविषयी



म्हैसूरमधल्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो, तिथे प्रकल्पांच्या यादीत एखादा तरी ‘रेट्रो’ प्रकल्प असतोच. रास्पबेरी पायवर एम्युलेटर, आत शेकडो जुने खेळ आणि बाहेरून छान लाकडी पेटी. तोंडी परीक्षेत मी विचारतो, “मारिओच्या खेळात ढगाचा आणि झुडपाचा आकार एकच का?” उत्तर क्वचितच येते. माझी तक्रार या ओढीबद्दल नाही. ती चुकीच्या गोष्टीवर जडली आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

१. रूप आणि हिशेब

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) अवघ्या 40 किलोबाइटमध्ये बसवला आहे. त्यातले चित्रांच्या वाट्याला 8 किलोबाइट. म्हणून एकच चित्र पांढरे केले की ढग आणि हिरवे केले की झुडूप.

झेडएक्स स्पेक्ट्रम (1982) या घरगुती संगणकाचा पडदा 256 × 192 ठिपक्यांचा. ठिपक्यांसाठी 6,144 बाइट आणि रंगांसाठी फक्त 768. म्हणजे 8 × 8 ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग. पात्र रंगीत भिंतीसमोरून गेले की भिंतीचा रंग त्याच्या अंगाला लागे.

आज यालाच ‘रेट्रो सौंदर्य’ म्हणतात. पण ते रूप हिशेबातून आले होते. हिशेब सोडून नुसते मोठे ठिपके काढले, तर हाती नक्कल राहते.

२. आठवणी कोणाच्या?

या विषयावरचे बरेचसे लेखन इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांच्या खोलीत घडते. आपल्या आठवणी तशा नाहीत. 1980 च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. माझ्या पिढीच्या वाट्याला मात्र टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. त्यांतले बरेच निन्टेन्डोच्या यंत्राच्या विनापरवाना नकला होत्या. कार्ट्रिजवर लिहिलेले असे ‘9999 खेळ’, आणि आत तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा. ‘कॉन्ट्रा’ मी तिथेच शिकलो, तोही शेजारच्या घरी, नंबर लावून.

नंबर लावणे आणि नक्कल, या दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासाचा भाग आहेत. दुसऱ्यांच्या आठवणी उसन्या घेतल्या की आधी त्याच पुसल्या जातात.

३. मुका कीबोर्ड

कमोडोर 64 (1982) चालू केला की पडद्यावर ‘रेडी’ हा शब्द येई आणि खाली कर्सर लुकलुकत राही. 2018 मध्ये त्याची छोटी प्रतिकृती बाजारात आली. तिच्यावर कीबोर्ड आहे, पण नुसता दिसायला. कळा दाबल्याच जात नाहीत. यूएसबी कीबोर्ड बाहेरून जोडता येतो, आणि 2019 च्या पूर्ण आकाराच्या आवृत्तीत खऱ्या कळा आल्या, हेही सांगायला हवे. तरी पहिली निवड बोलकी आहे. मूळ संगणक विचारायचा, “काय करू?” प्रतिकृती विचारते, “कोणता खेळ लावू?”

तुम्ही म्हणाल, तेव्हाही बहुतेक मुले नुसती खेळतच होती. खरे आहे. पण स्पेक्ट्रमवर कॅसेटमधला खेळ सुरू करायलाही आधी आज्ञा द्यावी लागे आणि मग पाचेक मिनिटे थांबावे लागे. खेळाकडे जाणारी वाट बेसिकच्या दारावरूनच जात होती. कोणी आत डोकावे, कोणी पुढे जाई. आजच्या प्रतिकृतीत ते दार वाटेवर येतच नाही.

हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेतले जुने संगणक भंगारात काढले गेले. सोबत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या फ्लॉपींचा एक खोकाही गेला. त्या यादीवर माझी सही आहे. फ्लॉपींवर काय होते, हे मी पाहिले नाही. आज एम्युलेटरमध्ये जगभरचे खेळ मिळतात. त्या मुलांनी काय लिहिले होते, ते कुठेच मिळणार नाही.

४. करून पाहा

स्पेक्ट्रमचा एम्युलेटर घ्या. खेळांची यादी बंद करा आणि बेसिकमध्ये ही आज्ञा द्या : पोक 16384, 255. (48 के मॉडेलवर इंग्रजी ‘ओ’ची कळ दाबली की ‘पोक’ हा पूर्ण शब्द उमटतो.) पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची बारीक रेघ येईल. पडद्याची मेमरी 16384 पासून सुरू होते आणि 255 म्हणजे आठही बिट चालू. आता 255 ऐवजी 170 देऊन पाहा. काय बदलले आणि का, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. मग वरचा मारिओचा प्रश्न पुन्हा वाचा.