राजाचा मान आणि मजुराचा करार



आज आपल्यासमोर एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाशी आपलं थोडं भांडण आहे. पुस्तकाचं नाव ‘अराउंड द वर्ल्ड विथ अ किंग’, लेखक विल्यम आर्मस्ट्राँग, प्रकाशन न्यू यॉर्क, साल १९०४. हवाईचे राजे डेव्हिड कालाकाउआ यांनी १८८१ साली जगप्रदक्षिणा केली, तिचा हा वृत्तांत. २० जानेवारीला होनोलुलूहून निघालेले राजेसाहेब २९ ऑक्टोबरला परतले. गादीवर असताना पृथ्वीला फेरी घालणारा हा जगातला पहिला राजा. बरोबरचा लवाजमा केवढा? तीन माणसं. राजवाड्याचे कारभारी चार्ल्स जड, एक जर्मन नोकर आणि स्वतः आर्मस्ट्राँग.

पुस्तक मजेदार आहे, हे आधीच मान्य करू. भाषा खेळकर आहे, दरबारांची वर्णनं चुरचुरीत आहेत. पण शंभर पानं वाचून झाली की आपल्या लक्षात येतं, की प्रत्येक विनोदाचा रोख एकाच दिशेला आहे. राजाचा पोशाख, राजाचा रंग, राजाची हौस, त्याच्या छोट्याशा देशाचा मोठेपणाचा आव. हसायचं ते एवढ्यावरच. मग आपण विचारलं पाहिजे, की हसणारा कोण आहे आणि केव्हा हसतोय?

आर्मस्ट्राँग हवाईतल्या अमेरिकन मिशनरी घरात जन्मलेले. प्रवासाच्या वेळी ते राजाच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल होते. पुस्तक निघालं तेव्हा राजाला जाऊन तेरा वर्षं झाली होती. १८९३ साली राजसत्ता उलथली गेली होती, १८९८ साली हवाई बेटं अमेरिकेत सामील झाली होती. म्हणजे उत्तर द्यायला राजा हयात नाही, राज्य उरलेलं नाही आणि माजी मंत्री आठवणी लिहितोय. अशा आठवणी जपून वाचाव्या लागतात.

पण आपला मुख्य आक्षेप वेगळा आहे. या प्रवासात आर्मस्ट्राँग यांच्याकडे आणखी एक पद होतं, परदेशातून माणसं आणण्यासाठी नेमलेल्या शाही आयुक्ताचं. ही सगळी फेरी निघाली त्यामागे मजुरांचा प्रश्न होता. पुस्तकात तो विषय येतो, नाही असं नाही. पण मुजरे, मेजवान्या आणि फजित्या यांच्या गर्दीत तो कोपऱ्यात उभा राहतो. ज्या कामासाठी आयुक्त नेमला, त्या कामाची आयुक्तालाच फारशी आठवण नाही, असं हे पुस्तक आहे.

आता तो प्रश्न काय होता ते बघू.

१७७८ साली कॅप्टन कुक हवाईला पोचला तेव्हा तिथली लोकसंख्या साधारण तीन लाख असावी, असा एक नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. अंदाज कमी-जास्त होतात, त्यावर वाद आहेत. १८७२च्या शिरगणतीत मात्र सगळी मिळून ५६,८९७ माणसं भरली. बाहेरून आलेले साथीचे रोग एकामागून एक येत गेले आणि शंभर वर्षांत देश ओस पडत चालला. त्याच काळात दुसऱ्या बाजूला ऊस वाढत होता. १८७५ साली अमेरिकेशी करार झाला आणि हवाईची साखर तिथे जकातीशिवाय जायला लागली. पुढच्या पंधरा वर्षांत साखरेची निर्यात सुमारे दहापट झाली. माणसं कमी होतायत आणि ऊस वाढतोय, असा हा पेच होता.

या पेचातून दोन वेगळ्या मागण्या निघाल्या. राजाला माणसं हवी होती. बेटांवर राहतील, लग्नं करतील, मुलंबाळं होतील, आपल्या लोकांत मिसळतील आणि देश पुन्हा भरेल अशी माणसं. म्हणून त्याला आपल्याशी नातं सांगणारे लोक शोधावेसे वाटत. जोहोरचे महाराज अबू बकर यांच्या भेटीत मलय आणि हवाईयन भाषांतले सारखे शब्द काढून बघण्यात राजा रमला होता. दोन्ही भाषांत पाचाला ‘लिमा’ म्हणतात, हे कळल्यावर कुणाला आनंद होणार नाही? मळेवाल्यांना मात्र हात हवे होते. स्वस्त, तीन ते पाच वर्षांच्या कराराने बांधलेले आणि जमलं तर मुदत संपल्यावर परत जाणारे.

आणि करार कसला, तेही ऐका. १८५० साली हवाईत मालक आणि नोकर यांच्याविषयी कायदा झाला. करारावरचा मजूर काम सोडून गेला तर त्याला पकडून मालकाकडे परत आणायचं, गैरहजेरीचे दिवस त्याच्याकडून जादा भरून घ्यायचे, आणि काम करायचं नाकारलं तर तुरुंग. पैशाच्या व्यवहारातला वाद फौजदारी गुन्हा ठरत होता. आपल्याकडे ज्याला गिरमिट म्हणतात, त्याचंच हे भावंड. या कायद्याखाली १८५२ साली पहिले चिनी मजूर आले, महिना तीन डॉलरवर.

हे मनात ठेवून आता राजाबरोबर जपानला जाऊ.

४ मार्च १८८१. योकोहामा बंदरात जपानी वाद्यवृंदाने हवाईचं राष्ट्रगीत वाजवलं. त्या गीताचे शब्द स्वतः कालाकाउआंचे. एवढ्या दूरच्या देशाने आपलं गाणं शिकून ठेवलंय, हे बघून ही छोटी मंडळी हेलावून गेली. पुढे राजाने मेइजी सम्राटांची एकांतात भेट घेतली आणि दोन गोष्टी सुचवल्या. आशियातल्या देशांचा एक संघ व्हावा आणि त्याचं नेतृत्व सम्राटांनी करावं. आणि आपली पाच वर्षांची भाची काइउलानी हिचा विवाह जपानी राजपुत्राशी ठरावा. सम्राटांनी दोन्ही गोष्टी आदराने नाकारल्या. आर्मस्ट्राँग यांना यात मुख्यतः राजाचा भाबडेपणा दिसतो. मंत्र्यांना न सांगता राजा परस्पर गेला, याचाही राग असावा.

तिसरी गोष्टही घडली, तिच्याकडे आपण नीट पाहू. त्या काळी पाश्चात्त्य देशांनी जपानवर असे तह लादले होते, की त्यांच्या नागरिकांवर जपानी कोर्टात खटला चालायचा नाही. १८७१च्या तहाने ही सवलत हवाईलाही मिळाली होती. १८८१ साली हवाईने ती सोडायची तयारी दाखवली. तुमच्या भूमीवर तुमचाच कायदा चालावा, असं म्हणणारा देश जपानला भेटला. युरोपीय सत्तांना हे रुचणारं नव्हतं आणि ते प्रकरण तेव्हा पुढे गेलं नाही, पण त्यातली समज मोठी होती.

अलीकडचे अभ्यासक, विशेषतः हवाईयन भाषेतली जुनी वर्तमानपत्रं वाचणारे, या राजाकडे वेगळ्या नजरेने बघतात. राजाने प्रवासातून घरी लिहिलेली पत्रंही १९७१ साली छापली गेली. त्यातला माणूस विदूषक नाही. तो बघतोय, तुलना करतोय, आपल्या देशाच्या उपयोगाचं काय ते टिपतोय. जगातल्या राजांच्या पंक्तीला बसलं तर आपलं राज्य गिळताना कुणीतरी विचार करेल, हा त्याचा हिशोब होता. हे वाचन आपल्याला पटतं. तरी तेही अर्ध्यावर थांबतं असं आम्हाला वाटतं. राजाचा मान परत मिळाला, पण ज्यांच्यासाठी ही फेरी होती ते मजूर याही वाचनात कोपऱ्यातच राहतात.

त्यांना मध्यभागी आणलं तर काय दिसतं? हिंदुस्थानचं उदाहरण घेऊ. कलकत्त्याहून आगगाडीने राजेसाहेब मुंबईला आले आणि मुंबईहून जहाजाने इजिप्तकडे गेले. तोवर याच मुंबई बंदरातून आपली कोकणातली कितीतरी माणसं मॉरिशसच्या उसात पोचलेली होती. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. तेव्हा हवाईच्या मळ्यांनाही हिंदी मजूर हवेत, असा विचार होणं साहजिक होतं. पण ब्रिटिश सरकारची अट अशी, की आमची प्रजा नेणार असाल तर तिच्यावर देखरेख आणि तिच्या तंट्यांत अधिकार आमच्या अधिकाऱ्यांचा. म्हणजे राजाने जपानला जी सवलत परत करू बघितली, तशीच सवलत आता त्याच्याकडे मागितली जात होती. नोव्हेंबर १८८१मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन यांनीही या बोलण्यांना आक्षेप घेतला, कारण हवाईवर ब्रिटनचा हात त्यांना नको होता. गिरमिटियांचं जहाज हिंदुस्थानातून हवाईला गेलंच नाही.

इथे आपण जरा थांबू या. देशाचं सार्वभौमत्व एका बाजूला, मजुराचं संरक्षण दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येतायत. ब्रिटिशांना हिंदी मजुराचा फार कळवळा होता असं समजायचं कारण नाही, मॉरिशस आणि गयानाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण प्रश्न खोटा ठरत नाही. १८५०चा कायदा तसाच ठेवून ‘आमच्या भूमीवर आमचाच कायदा’ म्हणणाऱ्या राज्यात मजुराने दाद कुठे मागायची?

याचं थोडंफार उत्तर जपानी मजुरांच्या कहाणीत मिळतं. १८६८ साली सुमारे दीडशे जपानी हवाईला गेले होते. त्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की जपानने पुढे सतरा वर्षं माणसं पाठवली नाहीत. राजाच्या भेटीने ओळख वाढली, बोलणी सुरू राहिली आणि फेब्रुवारी १८८५मध्ये ‘सिटी ऑफ टोकियो’ हे जहाज नऊशेहून जास्त माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. करार तीन वर्षांचा. पुरुषाला महिना नऊ डॉलर आणि जेवणाचे सहा. महिन्याला सव्वीस दिवस काम, शेतात दहा तास, कारखान्यात बारा. काही महिन्यांतच माउई बेटावरून मारहाणीच्या तक्रारी आल्या. या वेळी जपान सरकारने आपला प्रतिनिधी पाठवला, जाब विचारला, आणि १८८६च्या करारात डॉक्टर, दुभाषे, निरीक्षक यांची जबाबदारी हवाई सरकारवर आली. मळ्यावरचं जिणं सुखाचं झालं असं अजिबात नाही. पण मागे बोलणारं सरकार उभं असलं की फरक पडतो, एवढं दिसलं. १८९४पर्यंत सरकारी करारावर सुमारे २९,००० जपानी हवाईला आले.

या व्यवहाराची किंमत बेटावरच्या लोकांनीही मोजली. राजा बाहेर असताना कारभार बहीण लिलिउओकलानी बघत होत्या. १८८१च्या सुरुवातीलाच चिनी मजुरांच्या जहाजांबरोबर देवीची साथ होनोलुलूला आली. त्यांनी बेटाबेटांमधली वाहतूक बंद केली, तरी कित्येक हवाईयन दगावले. राजा परदेशात माणसं शोधतोय आणि घरी माणसं मरतायत, असा तो वसंत होता. आर्मस्ट्राँग यांच्या विनोदात या गोष्टीला जागा कशी मिळणार?

शेवटी १८८७ साल. बंदुकीच्या धाकाने कालाकाउआंकडून नवी राज्यघटना सही करून घेतली गेली. तिने राजाचे अधिकार काढून घेतले. तिनेच आशियाई रहिवाशांचा मताधिकार काढून घेतला, मालमत्तेच्या अटी घालून कितीतरी मूळ हवाईयनांना वरिष्ठ सभागृहाच्या मतदानातून बाहेर ठेवलं, आणि युरोपीय-अमेरिकन रहिवाशांना मात्र नागरिक नसले तरी मत दिलं. राजाला समान मान हवा होता, मजुराला तो करारातच नाकारलेला होता. एका कागदाने दोघांचंही तोंड बंद केलं.

पुढे १८९७ साली, राजसत्ता गेल्यावर, हवाईच्या नव्या सरकारने हजाराच्या आसपास जपान्यांना बंदरातूनच परत पाठवलं, जपानने युद्धनौका पाठवली, आणि ‘जपान बेटं घेईल’ ही भीती अमेरिकेत सामील होण्याच्या बाजूचा युक्तिवाद बनली. ज्यांना मळेवाल्यांनी हात म्हणून आणलं, त्यांचंच बुजगावणं केलं. करारमजुरी मात्र १९००मध्ये, अमेरिकन कायदा लागू झाल्यावर संपली. त्या वर्षीच्या शिरगणतीत १,५४,००१ पैकी ६१,१११ जपानी होते. हात म्हणून आणलेली माणसं माणसंच निघाली. त्यांनी घरं केली, संप केले, मुलं शाळेत घातली. राजाला हवं होतं ते एका परीने घडलं, फक्त त्याचं राज्य तेवढं उरलं नाही.

तेव्हा आर्मस्ट्राँग यांचं पुस्तक वाचावं का? जरूर वाचावं. पण वाचताना लेखकाची दोन्ही पदं लक्षात ठेवावीत. दरबारात राजा कसा उभा राहिला हे तो रंगवून सांगतो, तेव्हा आपण त्याला विचारत राहावं, की आयुक्तसाहेब, ज्या माणसांसाठी तुम्ही निघालात त्यांच्या करारात काय लिहिलं होतं? आणि राजाची थोरवी सांगणाऱ्या नव्या पुस्तकांनाही हाच प्रश्न विचारावा. राजांच्या भेटीगाठींचा इतिहास तपासायची ती आपली साधी कसोटी आहे.