‘लेणे’ या शब्दाचे अर्थसंबंध : एक चिकित्सा

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बांधवांना अजिंठ्याची वाट परिचित आहे. तेथील लेण्यांविषयी लिहिताना ‘डोंगराने ल्यालेला अलंकार म्हणजे लेणे’ असा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो रम्य आहे. परंतु शब्दार्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, असे आमचे मत आहे.

एका शब्दाचे अनेक अर्थ एकमेकांतून निघाले असतील, तर ती अनेकार्थता होय. दोन निराळे शब्द कालौघात केवळ एका उच्चाराचे झाले असतील, तर ते साम्य ध्वनीचे, अर्थाचे नव्हे. दागिन्याचे ‘लेणे’ हे अंगावर धारण करणे या अर्थाच्या क्रियापदाशी निगडित आहे. डोंगरातील ‘लेणे’ मात्र पाली ‘लेण’, संस्कृत ‘लयन’ या शब्दांच्या कुळातील असून त्याचा अर्थ निवारा, आश्रयस्थान असा आहे. नाशिकच्या शिलालेखांत दात्यांनी भिक्खुसंघासाठी कोरविलेल्या वास्तूला हेच नाव दिलेले आहे.

इतके व्युत्पत्ती सांगते. १९२६ साली धुळ्यात निधन पावलेले वि. का. राजवाडे यांनी मराठीत या अभ्यासाचा पाया विस्तारला. परंतु शब्दाचे मूळ सापडले, तरी इतर शब्दांशी असलेले त्याचे नाते स्वतंत्रपणे तपासावे लागते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी पाच प्रकारच्या लेणांची अनुज्ञा दिली आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. येथे ‘लेण’ ही व्यापक संज्ञा असून ‘गुहा’ तिच्यात सामावलेली आहे. आज आपण नेमके उलट बोलतो. लेणे हा गुहेचा एक कोरीव प्रकार समजतो. ‘विहार’ मात्र अद्यापि लेण्यातच सामावलेला आहे. अजिंठ्याची ९, १०, १९ व २६ या क्रमांकांची लेणी चैत्यगृहे आहेत, तर इतर बहुतेक विहार आहेत. म्हणून लेणे, गुहा आणि विहार हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत मांडणे सदोष ठरते.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. संयुत्तनिकायात निब्बानाच्या पर्यायी नावांमध्ये ‘लेण’ आणि ‘सरण’ हे दोन्ही शब्द येतात. डोंगरातील निवारा आणि दुःखमुक्तीचा निवारा, ही खरी अनेकार्थता होय. एक अर्थ दुसऱ्यातून उमलला आहे. त्रिसरण म्हणणाऱ्या उपासकाला हे नाते सहज उमगावे. अलंकार पाहण्यासाठी असतो, निवारा राहण्यासाठी. लेण्याला अलंकार म्हटले की तेथे वर्षावास करणारा, अध्ययन करणारा भिक्खू दृष्टीआड होतो आणि उरते ती केवळ शोभा.

अजिंठ्यास जाणाऱ्या आमच्या तरुणांनी चित्रे अवश्य पाहावीत. परंतु त्याआधी विहारातील भिक्खूंच्या लहानशा खोल्यांपाशी थांबावे. ‘लेणे’ या शब्दाचा अर्थ तेथे अधिक स्पष्ट होतो.